साजटोल्याची दोरी आणि नाक्याचा बांबू

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही नागपूरच्या इंदोऱ्यातून निघालो. वेळ इतकी नेमकी कशी लक्षात, असं कोणी विचारेल. तेहतीस वर्षं मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नाव, वय आणि वेळ लिहिली. निवृत्त झाले तरी ती खोड गेली नाही. कागद नसला तर तळहातावर लिहिते. त्या दिवशीही लिहीत गेले, म्हणून आज छातीठोकपणे सांगू शकते.

बरोबर एकच पिशवी होती. तिच्यात फुलवंतीच्या तीन महिन्यांच्या कॅप्सूल. फुलवंती उईके, वय एकोणीस, साजटोल्याची गोंड पोरगी, सिकलसेलची रुग्ण. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात आणि माणूस हाडाहाडातून ओरडतो. रोज कॅप्सूल घेतली तर दुखणं आटोक्यात राहतं. पण तिच्या भागातल्या दवाखान्यात दोन महिन्यांपासून कॅप्सूलच नव्हत्या. का नाहीत, तर ‘वरून आल्या नाहीत’. हे वर म्हणजे नेमकं कुठे, ते नोकरीच्या अख्ख्या काळात मला कळलं नाही.

मला इतकं काय पडलंय, तेही सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ अकराव्या वर्षी गेला. तेव्हा आमच्या वस्तीत कोणाला या आजाराचं नाव माहीत नव्हतं. सगळे वात म्हणायचे आणि तेल चोळायचे. पुढे लॅबमध्ये लागल्यावर मी स्वतःचं रक्त तपासलं. माझ्याकडे पिवळं कार्ड आहे, म्हणजे मी वाहक. फुलवंतीचं कार्ड लाल. एका शिबिरात तिचं रक्त मीच काढलं होतं, तेव्हापासून ती मला मावशी म्हणते.

गाडी सुधाकरची. हा पूर्वी नागपूरलगतच्या वाडीच्या गोदामांतून ट्रक काढायचा, आता जुनी जीप भाड्याने चालवतो. बडबड्या माणूस. कामठी मागे पडली, कन्हानचा पूल ओलांडला, तरी त्याचं तोंड बंद नाही.

“मावशी, नागपूरचा मानूस या रोडनं दोनच कामाले जाते. रामटेकले पाया पडाले, नाई त वाघ पाहाले. तुमी तिसऱ्याच निघाल्या.”

“मग इथल्या लोकांकडे कोणी पाहावं म्हणून त्यांनी वाघ व्हावं काय?”

“वाघ झाले असते त सरकारनं डॉक्टर पाठवला असता ना!” असं म्हणून तो स्वतःच खो खो हसला. मनसरला आम्ही आलुबोंडे आणि तिखटजाळ रस्सा खाल्ला. मी दोन खाल्ले, त्याने पाच.

पुढे जबलपूरचा रस्ता सोडून आत वळलो की देशच बदलतो. दोन्ही बाजूंना साग आणि साज (याला आपण ऐन म्हणतो, गोंडांचा मोठा देव याच झाडात राहतो). मधूनमधून धानाच्या बांध्या (भातखाचरं), पाण्याने काठोकाठ भरलेल्या. रोवणी (धानाची लावणी) तोंडावर आलेली, पण शेतात माणूस दिसेना. मला नवल वाटलं, पण विचारायला कोणी नव्हतं.

मग नाका लागला. जंगलाच्या वाटेवर आडवा रंगवलेला बांबू, टोकाला दगड बांधलेला, शेजारी टपरीएवढी खोली आणि टेबलावर रजिस्टर. पहारेकरी तरुण होता, इस्त्रीच्या गणवेशातला. त्याने गाडीचा नंबर लिहिला, आत डोकावून पाहिलं आणि लिहिलं : माणसं दोन.

“येताना हीच गाडी?”

“हीच.”

“दोनच?”

“नाही, वाघ घेऊन येतो!” मी म्हणाले. तो हसला नाही. बांबू वर गेला. दहा पाच.

साजटोल्याच्या वेशीवर दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो आणि सुधाकरने करकचून ब्रेक मारला. रस्त्यावर आडवी दोरी. गवताची वळलेली, तिच्यात भिलाव्याच्या (बिब्ब्याच्या) डहाळ्या खोचलेल्या, खाली दगडावर शेंदूर आणि एक अंडं. दोरीपलीकडे साजाच्या झाडाखाली एक मध्यमवयीन माणूस काठी घेऊन बसला होता. त्याने उठून हात जोडले.

“जय सेवा.”

“जय भीम. दोरी काढा, गाडी आत न्यायची आहे.”

“आज गाव बांधलं हाय, बाई. रोवनीच्या आधी बांधतो, रोगराई येऊ नये म्हून. दिवस बुडेलोक कोनी आत नाई, कोनी बाहेर नाई.” मग त्याने जीपकडे पाहून विचारलं, “दवाखान्याची गाडी हाय काय?”

हे वाक्य नीट वाचा. मी ते नीट ऐकलं नाही.

“दवाखान्याची नाही, माझी आहे,” मी म्हणाले. “मी औषध आणलंय!”

“मग बसा जराशा. पानी देतो.”

माझं डोकंच फिरलं. आदल्या दिवशी गावातली आशा कार्यकर्ती सुकवंता फोनवर म्हणाली होती, “ताई, उद्या नोका येऊ, परवा या.” का ते सांगितलं नव्हतं, आणि मला वाटलं, आळस. आता कळलं कारण. औषध घेऊन मी शहरातून धडपडत यायचं आणि इथे गवताची दोरी आडवी! आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा पाठ करून मी लहानाची मोठी झाले. देवाधर्माचं असलं काही दिसलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी त्या माणसाला उभ्या उभ्या झापलं. रोग दोरीने अडतो का? अंड्याला घाबरतो का? तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग मी मोबाइल काढला, दोरीचा, अंड्याचा आणि त्याचाही फोटो घेतला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. या ग्रुपवर आम्ही जुने टेक्निशियन आहोत आणि नागपुरातले काही डॉक्टरही आहेत. खाली लिहिलं : ‘सिकलसेलचं औषध घेऊन आलेय, पण गाव बांधलंय म्हणे! आत सोडत नाहीत. कधी सुटणार ही माणसं अंधश्रद्धेतून?’ तिथे मोबाइलला एकच काडी रेंज होती. तेवढ्या रेंजवर तो फोटो गेला. टपाटप अंगठे आले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तो माणूस मात्र लोटाभर पाणी आणि वाडग्यात जावा (कुटकी या भरडधान्याची पातळ आंबील) घेऊन आला आणि दोरीवरून अदबीने पुढे केला. माणूस ये-जा करत नाही, अन्न करतं, असा काहीतरी नियम असावा. मी रागात अर्धा वाडगा तसाच ठेवला. सुधाकरने तो उरलेला अर्धाही संपवला.

अकरा वाजायला आले होते. गावाकडून सुकवंता पळत आली, पदर खोचलेला, पायात चप्पल नाही.

“ताई! तुमी कवाच्या आल्या?”

“पाऊण तास झाला. काहून वं, आधी सांगता येत नव्हतं काय तुले? तुमचा माणूस आत सोडत नाही!”

ती त्या माणसाकडे वळली. “कायले नाई सांगतलं गा? फुलवंतीसाठी गाडीची वाट पाहून राहिलो ना आपन!”

“मी पुसलं होतं,” तो माणूस हळूच म्हणाला. “दवाखान्याची गाडी काय म्हून. बाई नाई म्हनल्या.”

हळूहळू उलगडा झाला. पहाटेपासून फुलवंतीच्या छातीत आणि पाठीत कळा होत्या, श्वास पुरत नव्हता. सुकवंताने उजाडताच तळ्याच्या पाळीवर चढून, जिथे रेंज मिळते तिथून, रुग्णवाहिकेला फोन केला होता. येते, येते, असं तीनदा सांगून ती आलीच नव्हती. आणि गाव बांधणारा भुमका (गावाचा पुजारी) सकाळीच म्हणाला होता, गाडी वेशीवर आली की मला हाक मारा, मी गाठ सोडतो. हा भुमका म्हणजे फुलवंतीचा आजा, बुधराम. मी भाषण देत होते तो पाऊण तास ती पोरगी पाचशे पावलांवर विव्हळत होती. गाठ सुटायला फक्त माझा एक होकार हवा होता.

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

बुधराम आला. सत्तरीचा, सडसडीत, डोक्याला पांढरं मुंडासं. मला वाटलं, आता दाणे टाकून कौल लावेल, कोंबडं मागेल, तास घालवेल. त्याने दगडाला हात लावला, गोंडीत दोन वाक्यं पुटपुटला आणि गाठ सोडू लागला. गाठ घट्ट निरगाठ होती. बोटांनी सुटेना. शेवटी त्याने दातांनी सोडली.

“देवाचा कोप नाही होणार?” मी विचारलं. खरं तर मला माफी मागायची होती, पण तोंडातून हे आलं.

“गावासाठीच बांधलं ना, बाई. पोरगी गावाचीच हाय.” मग तो त्या माणसाला म्हणाला, “सगळ्याइले सांग. आठ दिवसांनी पुन्हा बांधू. तोवर रोवनी नाई.”

आठ दिवस अख्ख्या गावाची रोवणी थांबणार होती. बांध्या पाण्याने भरल्या होत्या, परे (धानाची रोपं) उपटायला आले होते. तो माणूस “बरं” म्हणाला आणि चालू लागला. गाठ सोडायला लागली सहा मिनिटं. तळहातावर लिहिलं : अकरा सहा.

चौघांनी फुलवंतीला खाटेवर उचलून आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ पांढरे. मला पाहून हसायचा प्रयत्न केला. “मावशी, औषद आनलं काय?”

“आणलं गं.” दुसरं काय बोलणार! या दुखण्याला आता कॅप्सूल पुरणार नव्हती. तिला ऑक्सिजन आणि रक्त हवं होतं. तिने उशाखालची प्लास्टिकची फाइल मागून घेतली आणि छातीशी धरली. आत लाल कार्ड, बारावीची गुणपत्रिका आणि नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म होता. आईबाप दोघं वाडीला गोदामात हमाली करतात. त्यांना परस्पर दवाखान्यात यायला सांगायचं ठरलं. गाडीत मी, सुधाकर, फुलवंती, सुकवंता आणि आजा. गाव बांधायच्या दिवशी भुमक्याने वेस ओलांडणं कोणी पाहिलं नव्हतं, असं सुकवंता माझ्या कानात म्हणाली.

साडेअकराला नाका. बांबू खाली. तोच पहारेकरी.

“मॅडम, जाताना दोन, येताना पाच. तिघं कुठून आले?”

“गावातून! पोरगी आजारी आहे, दिसत नाही काय?”

“दिसते. पण बाहेरची गाडी, आतले लोक, म्हणजे प्रवासी वाहतूक होते. साहेबांची परवानगी लागते.”

“मग साहेबांना फोन लाव.”

“रेंज नाही. माणूस पाठवतो.”

मी ओरडले, सुकवंता रडली, सुधाकर म्हणाला, “भाऊ, बांबू मी उचलतो, तू फक्त तिकडं पाह्य.” पहारेकरी रजिस्टरकडे पाहत म्हणाला, “माझी नोकरी जाईल, दादा.” तो वाईट मुलगा नव्हता. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी फुलवंतीला दिलं. पण बांबू उचलला नाही. आजा खाली उतरला, त्या बांबूपुढे उभा राहिला आणि बराच वेळ दोरीची गाठ, दगड, खिळा न्याहाळत राहिला. “याले कोन बांधलं?” त्याने मला विचारलं. मोटरसायकलवरून माणूस परवानगी घेऊन परत आला तेव्हा बारा पंचेचाळीस झाले होते.

पुढचा ग्रामीण दवाखाना. नाव लिहीत नाही, कारण तिथली नर्स एकटीच असून जिवाच्या आकांताने झटली. डॉक्टर दुसऱ्या गावी शिबिराला गेलेले. सिकलसेलची तपासणी मंगळवारी असते, असा फलक होता. तो दिवस गुरुवार. रक्त साठवायची खोली होती, तिला कुलूप होतं, किल्लीवाला प्रशिक्षणाला गेला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, भरलेला होता, पण तो उघडायचा पाना नव्हता. पाना रुग्णवाहिकेत, रुग्णवाहिका कुठे तरी चिखलात. नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. सुधाकर बाहेर गेला, जीपच्या हत्यारांतून पाने आणले आणि तिसऱ्या पान्याने सिलिंडर उघडला. त्या दिवशी सरकारी आरोग्यसेवा चालली ती वाडीच्या एका ट्रक ड्रायव्हरच्या पान्यावर.

मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर डॉक्टरांची सही हवी. मी थांबले. चिठ्ठीशिवाय आलेल्या रुग्णाला रांगेत कसं उभं करतात, ते मी जन्मभर पाहिलेलं. थांबायला नको होतं. आजही वाटतं, नको होतं. दोन तास गेले. सही आली तेव्हा तीन वाजत होते. लहानसा सिलिंडर आणि तो पाना गाडीत घेतला आणि निघालो.

रस्त्यात फुलवंतीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कन्हानच्या अलीकडे ती म्हणाली, “मावशी, फारम शनिवारलोक हाय.”

“मी नेऊन देते ना. तू बोलू नको.”

“नर्स झाली का मी तिथंच लागतो. आपल्याच दवाखान्यात. पाना जागेवर ठेवतो.” आणि खरंच हसली. सुधाकरने गाडी आणखी दामटली.

नागपूरचा मोठा दवाखाना, चार पन्नास. तिथे बाकी काही कमी पडलं नाही. रक्त मिळालं, यंत्र लागलं, माणसं धावली. आईबाप वाडीहून आले, अंगावर गोदामाची धूळ तशीच. पण फुप्फुसं केव्हाच भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फुलवंती गेली.

त्यानंतर जे झालं, ते लिहायला हात जड होतो.

एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. त्यावर एक रकाना होता : रुग्णास आणण्यास विलंबाचे कारण. त्याने आजाला विचारलं, “बाबा, काल सकाळी गाव बांधलं होतं काय?”

आजाला खोटं बोलता येत नव्हतं. “हो साहेब, बांधलं होतं.”

डॉक्टरने लिहिलं : अंधश्रद्धा.

मी उठलेच. “अहो, दोरी सुटायला सहा मिनिटं लागली! त्याआधी पाऊण तास गेला तो माझ्यामुळे. हे बघा.” मी तळहात पुढे केला. शाई पुसट झाली होती, पण वाचता येत होती. “नाक्यावर सव्वा तास. दवाखान्यात दोन तास. रुग्णवाहिका तर आलीच नाही. ते लिहा ना!”

तो थकलेला होता, रात्रभर जागा होता. त्याने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. ग्रुपवरून फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलेला फोटो. दोरी, अंडं, हात जोडलेला माणूस आणि खाली माझं वाक्य, माझ्या नावानिशी.

“मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? आणि रकान्यात एकच ओळ आहे.”

मी त्या डॉक्टरशी भांडले, वरच्या साहेबांकडे गेले, अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली. कागद बदलला नाही. ग्रुपवर मी सगळ्या वेळा लिहून टाकल्या. त्याला एकही अंगठा आला नाही.

आठ दिवसांनी सुकवंताचा फोन आला. “आज्यानं बलावलं, ताई. आज गाव पुन्हा बांधतो. तुमी याच म्हनते.” फुलवंतीची फाइल माझ्याकडेच राहिली होती, शनिवार उलटून गेलेला फॉर्म तिच्यात तसाच. ती घेऊन मी सुधाकरबरोबर निघाले. मनसरला थांबलो नाही.

नाक्यावर तोच पहारेकरी. माणसं दोन. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

वेशीवर दोरी होती. भिलाव्याच्या डहाळ्या, शेंदूर, अंडं, सगळं तसंच. आजा दोरीपलीकडे उभा होता. मी फाइल दोरीवरून पुढे केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि सुनेकडे, फुलवंतीच्या आईकडे, दिली. तिने ती उघडली नाही.

“बाई,” तो म्हणाला, “हे टोक वढा.”

दोरीचं एक टोक रस्त्याच्या कडेला लोंबत होतं. मी घाबरत ओढलं. अख्खी दोरी सरसर सुटून खाली पडली. सुरगाठ होती.

“आता दाताची गरज नाई,” आजा म्हणाला. “लेकरू बी सोडू शकते. देवाले सांगतलं मी, गाडी आली का सुटन म्हून. देव हो म्हनला.” मग त्याने वाकून दोरी पुन्हा बांधली. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तुमी लिहिता म्हने. आता हेबी लिहा.”

मला रडू कोसळलं. दोरीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते सगळे. माफी मागितली, मोठ्याने, सगळ्यांसमोर, त्या दिवशी झापलेल्या माणसाचीही. तो म्हणाला, “असू द्या बाई,” आणि पाण्याच्या लोट्याबरोबर जावाही पुढे केला. या वेळी वाडगाभर जावा मी सगळा संपवला.

परत निघालो. नाक्यावर बांबू तसाच, दगड तसाच, गाठही तीच. पहारेकऱ्याने गाडीत डोकावून पाहिलं, रजिस्टरमधली सकाळची ओळ बोटाने शोधली आणि पुढे लिहिलं.

“जाताना दोन, येताना दोन,” तो म्हणाला. “बरोबर आहे. जा.”